सोपारा: बंदरावर बाहेरचं कोण?

सिसिली हे इटलीच्या पायाशी असलेलं मोठं बेट आणि पालेर्मो हे त्याचं मुख्य बंदर. फिनिशियन व्यापाऱ्यांनी हे शहर वसवलं, त्याला अडीच हजारांहून जास्त वर्षं झाली. ग्रीक त्याला ‘पानोर्मोस’ म्हणत, म्हणजे जिथे बघावं तिथे बंदरच. याच शहरात इ.स. 1154 मध्ये भूगोलाचा एक मोठा ग्रंथ पूर्ण झाला. लिहिणारा अल-इद्रिसी, मुसलमान. लिहवून घेणारा राजा दुसरा रॉजर, ख्रिस्ती. भाषा अरबी. लोक त्या ग्रंथाला ‘किताब रुजार’ म्हणत. रुजार म्हणजे रॉजर.

इद्रिसीने पालेर्मोत बसून, व्यापाऱ्यांना आणि खलाशांना विचारून, तोवर माहीत असलेल्या जगाचं वर्णन केलं. त्यात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं आहेत. खंबायत आहे, ठाणे आहे, आणि ‘सुबारा’ नावाचं एक गाव आहे. समुद्रापासून दीड मैल आत, दाट वस्तीचं, गजबजलेलं, हिंदुस्थानातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक, असं त्याचं वर्णन आहे.

अरबी लिपीत ‘प’ नाही, म्हणून सोपाराचं सुबारा झालं. काही ग्रंथांत ‘सुफारा’ही लिहिलेलं सापडतं. हेच आपलं सोपारा. विरार लोकलमध्ये बोरिवली सोडल्यावर सहावं स्टेशन. सकाळी आठच्या सुमाराला तिथून चर्चगेटच्या गाडीत चढायचं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. त्या गर्दीत कुणाच्या मनात येणार की आपण ज्या फलाटावर उभे आहोत त्या गावाचं नाव साडेआठशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका राजाच्या दरबारात लिहिलं गेलं होतं?

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. शब्द दिसला की त्याचं माहेर शोधायचं. सोपाऱ्याकडे मी आधी अशीच, नावावरून वळले. संस्कृतात शूर्पारक, प्राकृतात सोपारक, ग्रीकमध्ये सौपारा, अरबीत सुबारा. महाभारतात सांगितलं आहे की परशुरामासाठी समुद्र मागे हटला आणि जी जमीन वर आली ती शूर्पारक. कथा म्हणून घ्या, पण गाव समुद्राने दिलं ही आठवण तिच्यात पक्की आहे. गंमत अशी की पुढे समुद्र खरोखरच मागे हटला आणि त्यानेच या बंदराचा जीव घेतला. खाडीत गाळ भरत गेला, मोठी तारवं आत येईनात, व्यापार वसई, ठाणे, चौल, मग सुरत आणि मुंबईकडे सरकला. आज सोपाऱ्यात उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही.

पण गाळाखाली काय काय होतं ते बघा.

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात भाटेला तळ्याजवळ एक दगडाचा तुकडा मिळाला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा होता. 1956 मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला, तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरं. अशोकाच्या लेखमालेतले बाकीचेही लेख इथे असणारच, पण हाती लागले ते हे दोन, आणि बंदराला शोभावं तसं दोन्हींत प्रवास आहे. आठव्यात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. मी आता धम्मासाठी फिरतो, साधूंना, वृद्धांना, खेड्यातल्या माणसांना भेटतो. नवव्यात तो म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, आणि बायका तर जास्तच. (हा टोमणा सव्वादोन हजार वर्षं टिकला, याचं मला हसू येतं.) पण खरा मंगल विधी कोणता, तर नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा आदर, जिवांवर दया, दानधर्म. तारू सोडण्याआधी नारळ वाहणारा किंवा ताईत बांधणारा खलाशी हे ऐकत असेल, असं डोळ्यांपुढे आणून बघा.

त्याच 1882 साली, ईस्टरच्या सुट्टीत, भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यातली एक टेकडी खोदली. गावात तिला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडाची मोठी पेटी, पेटीत बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती, मधोमध तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि शेवटी सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपलेले होते. एवढं सोनं-चांदी कशासाठी, तर मातीच्या खापरीसाठी. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

बौद्ध परंपरेत सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट आहे. त्याचं नाव पुण्ण, म्हणजे पूर्ण. समुद्रावर फिरून फिरून तो शेवटी भिक्खू झाला आणि आपल्या प्रदेशात धम्म सांगायला परत निघाला. बुद्धाने विचारलं, तिकडची माणसं कडक आहेत, शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, मारत तर नाहीत, असं मी समजेन. मारलं तर? दगड तर मारत नाहीत, असं समजेन. असं करत करत प्रश्न जिवापर्यंत जातो आणि पुण्णाचं उत्तर शांतच राहतं. म्हणजे ‘तिकडची माणसं कडक’ हा आपल्या किनाऱ्याचा लौकिक फार जुना आहे!

हे झालं जमिनीवरून आलेल्यांचं. समुद्रावरून येणारे कोण होते? इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. भडोचच्या खाली त्याने सुप्पारा नोंदवलं, मग कल्याण, मग सेमुल्ला, म्हणजे चौल. ही जहाजं इजिप्तच्या किनाऱ्यावरून जुलैच्या सुमाराला सुटत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इकडे येत आणि हिवाळ्यात वारा फिरला की परत जात. इजिप्तमधून माल भूमध्य समुद्रावरून इटलीतल्या पुतेओली बंदरात उतरे. नेपल्सजवळचं आजचं पोझ्झुओली ते हेच. म्हणजे सोपाऱ्याचं आणि इटलीच्या बंदरांचं नातं इद्रिसीच्याही हजार वर्षं आधीचं.

हे सगळं चालत होतं वाऱ्यावर. वाऱ्याच्या या ठरलेल्या वेळेला अरब खलाशी ‘मौसिम’ म्हणत. तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन ‘मान्सून’ झाला आणि आपल्याकडे ‘मोसमी वारे’ झाला. बंदर हा शब्द फारसी. दर्या फारसी. जहाज अरबी. खलाशी अरबी. कोळीवाड्यात ज्याला मानाने ‘नाखवा’ म्हणतात तो फारसीतला ‘नाखुदा’, जहाजाचा धनी. आणि मला सगळ्यांत आवडणारा शब्द ‘मालीम’. ताऱ्यांवरून जहाजाची वाट ठरवणारा तो मालीम, म्हणजे अरबी ‘मुअल्लिम’. मुअल्लिम म्हणजे शिक्षक! उर्दू शाळेत मास्तरीणबाईंना ‘मुअल्लिमा’ म्हणतात. बीएड करताना हे कुणी सांगितलं असतं तर पदवीचा थोडा जास्त अभिमान वाटला असता.

मागे एकदा इतिहासाचा धडा झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं, “टीचर, आपण इथे कधी आलो?” आपण म्हणजे मुसलमान. धड्यात होत्या स्वाऱ्या, वेढे, तहाची कलमं. मुसलमान येतो तो घोड्यावर बसून, उत्तरेकडून, हातात तलवार घेऊन. वर्गातली निम्मी मुलं कोकणातली. त्यांच्या घरी मराठीची बोली बोलतात, आडनावं गावांवरून पडलेली. त्यांच्यात घोड्यावर बसलेलं कुणीच नव्हतं.

त्या प्रश्नाचं उत्तर धड्यात नसलं तरी किनाऱ्यावर आहे.

बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916च्या सुमाराला, चौलला आला होता. अरब चौलला ‘सैमूर’ म्हणत. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहिलं. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. इथे जन्मलेल्यांसाठी वेगळा शब्दच होता, ‘बयासिरा’. त्यांचा एक मुखिया होता, त्याच्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. मुसलमानांचे आपापसातले तंटे त्यांच्या रिवाजाप्रमाणे तो सोडवी आणि त्याला नेमत असे तिथला हिंदू राजा. वर सत्ता राष्ट्रकूटांची होती. अरब त्यांना ‘बल्हरा’ म्हणत, म्हणजे वल्लभराज. दिल्लीत सुलतान बसायला अजून जवळजवळ तीनशे वर्षं होती. त्याच शतकातले भूगोलकार इस्तख्री आणि इब्न हौकल यांनी किनाऱ्यावरच्या गावांत सुबाराचंही नाव घेतलं आहे.

आता सोपाऱ्याच्या उत्तरेला चला. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी गावात काही ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा. भाषा संस्कृत. त्यात संजाणच्या कारभाऱ्याची हकीकत आहे. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला या मंडलाचा कारभार दिला होता. वंश ‘ताजिक’, म्हणजे अरब. बापाचं नाव ‘सहियारहार’, म्हणजे शहरयार. आणि त्याचं स्वतःचं नाव ‘मधुमति’. अभ्यासक सांगतात, हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचलंच नाही. भाषांतर करावं तर असं! मुहम्मदचा मधुमति, ज्याची मती मधासारखी गोड.

या मधुमतीने केलं काय? संजाणात एका ब्राह्मणाने देवीची मठिका बांधली होती. तिच्या डागडुजीसाठी आणि तिथे राहणाऱ्यांच्या जेवणासाठी त्याने राजाच्या संमतीने जमीन आणि गाव दान दिलं. हा ताम्रपट त्या दानाचाच. त्यात त्याची आणखी दोन कामं सांगितली आहेत. त्याने अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आणि नदीच्या दोन पात्रांवर त्याने फुकट नाव सुरू केली. ज्याला पलीकडे जायचंय त्याने जावं, उतराई द्यायची नाही.

फुकट नावेची गोष्ट वाचताना मला आणखी एक लेख आठवला. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, उषवदाताचा लेख आहे. इसवी सनाचं दुसरं शतक. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई, शक, म्हणजे तोही मूळचा बाहेरचा. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे विश्रांतिगृहं बांधली. शोर्पारग म्हणजे आपलं सोपारा. तिथल्या रामतीर्थावरच्या साधूंनाही त्याच्या दानाचा वाटा मिळाला. आणि तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या. डहाणू ते संजाण अंतर किती? लोकलच्या पुढची दोन-चार स्टेशनं. मध्ये काळ मात्र आठशे वर्षांचा. एकाच किनाऱ्यावर बाहेरून आलेली दोन माणसं, एक शक आणि एक अरब, धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, आणि दोघांनी आपलं नाव राहावं म्हणून एकच काम केलं. दुसऱ्याला पलीकडे जायची सोय.

शिलाहारांच्या काळातही हाच स्वभाव दिसतो. इ.स. 1094 च्या खारेपाटणच्या ताम्रपटात राजा अनंतदेवाने दोन व्यापारी भावांच्या जहाजांना ठाणे, नागपूर (हे किनाऱ्यावरचं), शूर्पारक आणि चेमुली या बंदरांत जकात माफ केली. जकात या शब्दापाशीही थोडं थांबावंसं वाटतं. मराठीत जकात म्हणजे नाक्यावर द्यायचा कर. आमच्या घरात जकात म्हणजे मिळकतीतला गरिबाचा हक्क. शब्द एकच, एका दाराने बाजारात गेला, दुसऱ्या दाराने रमजानात घरात आला.

हे सगळं सांगताना एक गोष्ट वगळली तर तो इतिहास होणार नाही, मुशायऱ्यातली वाहवा होईल. बंदर म्हणजे काही संतांची पंगत नव्हे. 1321 साली ठाण्यात चार ख्रिस्ती साधू मारले गेले. त्यातले तिघे इटलीचे होते, तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर. चौथा तिफ्लिसचा दिमित्री. काझीपुढे धर्मावर वाद झाला, साधूंनी जे उत्तर दिलं त्याने लोक भडकले आणि त्यांचा जीव गेला. त्यांचा सोबती जोर्दानुस तेव्हा ठाण्याबाहेर होता. त्याने परतल्यावर त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन दफन केले. तेव्हा दिल्लीचा अंमल इथवर पोचला होता, ठाण्याचा हाकीम मुसलमान होता. त्याआधी चारशे वर्षं, दुसऱ्याच्या राज्यात, मुसलमानांना स्वतःचा हुनरमन मिळाला होता. आपल्या हातात हुकूम आल्यावर आपण चार पाहुण्यांना काय दिलं? हा प्रश्न आपल्या मुलांनी विचारला तर तोही टाळू नये. सोपाऱ्याच्या मातीने मात्र त्या परक्यांना जागा दिली.

आता पालेर्मोला परत जाऊ, कारण त्याची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय सोपाऱ्याची किंमत कळत नाही.

पालेर्मो 831 मध्ये अरबांच्या ताब्यात गेलं. 973च्या सुमाराला इब्न हौकल तिथे गेला, सुबाराचं नाव घेणारा तोच. त्याने तिथल्या मशिदी तीनशेच्या वर मोजल्या. तिथल्या शाळामास्तरांबद्दल तर त्याने इतकं वाईट लिहिलंय की आम्ही शिक्षकांनी ते न वाचलेलं बरं. 1072 मध्ये नॉर्मन ख्रिस्ती आले. पहिली काही वर्षं राजांनी अरबी कारकून, अरबी कारागीर, अरबी विद्वान जवळ ठेवले. इद्रिसीचा ग्रंथ त्याच दिवसांतला. पण 1184 मध्ये स्पेनहून हजला जाऊन परतणारा इब्न जुबैर पालेर्मोत उतरला, तेव्हा त्याला मुसलमानांच्या बोलण्यात भीती ऐकू आली. 1189 मध्ये दंगली झाल्या, माणसं डोंगरांत पळाली. पुढे तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने उरलेल्यांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा गावी नेऊन वसवलं. 1300 मध्ये लुचेराही मोडलं, माणसं गुलाम म्हणून विकली गेली.

आज पालेर्मोच्या एका जुन्या भागाचं नाव काल्सा आहे, अरबीतल्या ‘अल-खालिसा’वरून. इटालियन भाषेत जकात नाक्याला ‘दोगाना’ म्हणतात, आपला ‘दिवाण’ त्याचा सख्खा भाऊ. टांकसाळीला ‘झेक्का’ म्हणतात, तो आपला ‘सिक्का’. पालेर्मोच्या कॅथीड्रलच्या दारातल्या एका खांबावर आजही कुरआनची आयत कोरलेली आहे. 2015 मध्ये युनेस्कोने तिथल्या अरब-नॉर्मन इमारती जागतिक वारशात घेतल्या. शब्द आहेत, खांब आहेत, इमारतींवर पाटी आहे. ज्यांनी ते शब्द आणले ती माणसं नाहीत.

सोपाऱ्यात उलटं आहे. इथल्या भव्य इमारती गेल्या. बंदर गेलं. राहिला तो स्तूपाचा विटांचा ढिगारा, चक्रेश्वराच्या देवळाच्या आवारातली जुनी शिल्पं, तळी, आणि माणसं. सोपारा गावात आजही कोकणी मुसलमानांची घरं आहेत, शेजारी आगरी, भंडारी, कुपारी ख्रिस्ती, ब्राह्मण, बौद्ध. आणि त्यांच्या असण्यातच बंदराची खूण आहे. उत्तर हिंदुस्थानातला मुसलमान बहुतेक हनफी, पण कोकणी मुसलमान शाफई. येमेन, मलबार, भटकळ, थेट इंडोनेशिया, जिथे जिथे मोसमी वाऱ्यावर अरब जहाजं गेली तिथे तिथे शाफई. आमच्या उपनगरांत एका गल्लीत हनफी आणि पुढच्या गल्लीत शाफई मशीद असली की असरची अजान दोन वेगळ्या वेळी होते. ती आधी होणारी अजान म्हणजे समुद्राकडून आलेली अजान. याच दर्यावर्दी समाजातून माहीमचे मखदूम अली माहिमी झाले. 1372 ते 1431 हा त्यांचा काळ. त्यांनी इथे बसून अरबीत कुरआनचं भाष्य लिहिलं. ते ‘नवायत’ होते, अरब वंशाचे आणि या किनाऱ्याचे. त्यांच्या उरुसाला आजही मुंबई पोलिसांची चादर चढते.

आणि सोपाऱ्याचं बंदरपणही संपलेलं नाही, फक्त जहाजं बदलली. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेली. गिरणगावातून, अंधेरी-जोगेश्वरीच्या चाळींतून, कोकणातून, उत्तर प्रदेशातून माणसं इथे उतरली. कुणाला स्वस्त खोली हवी होती. कुणाला बोरिवलीच्या अलीकडे खोली परवडत होती पण नाव सांगितल्यावर दलालाचा फोन लागेनासा होत होता. आमच्याही घरात हे घडलं, त्यात नवं काही नाही, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात घडलं असेल. “तुम्ही मूळचे कुठले?” हा प्रश्न विचारणारा स्वतः कुठल्या गाडीने आला, हे त्याला बहुधा ठाऊक नसतं. सोपाऱ्यात हा प्रश्न विचारायचाच असेल तर परशुरामाला विचारावा लागेल, कारण त्याच्याआधी इथे पाणी होतं.

त्या मुलीला मी जे उत्तर दिलं ते एका वाक्यात मावणारं नव्हतं. नकाशा काढला. वाऱ्यांची दिशा दाखवली. मसूदीचे दहा हजार सांगितले, मधुमति सांगितला. मुलांना ते नाव फार आवडलं, दोन दिवस एका मुहम्मदला सगळे मधुमति म्हणून चिडवत होते आणि तोही खूश होता.

जमलं तर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन निघा. सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी बघा. तिथल्या भिंतींवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत, त्यांत सोपारा आणि कल्याणच्या माणसांची नावं आहेत. मग विरारची गाडी पकडा, नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा, रिक्षावाल्याला बौद्ध स्तूप सांगा. तिथे थोडा वेळ बसा आणि मुलांना सांगा की इथे दारापर्यंत समुद्र होता. गावातल्या मशिदीत नमाज पढा, चक्रेश्वराच्या तळ्यावर थांबा. खर्च रिक्षाचा आणि चहाचा.

आणि मुलांनी विचारलंच, आधी कोण आलं, तर सांगा की त्याचा हिशेब खाडीच्या गाळात गेला. नाव कुणी फुकट केली, ते मात्र दगडावर आणि तांब्यावर लिहिलेलं आहे.